दात दुखायचा थांबला म्हणजे बरा झाला का? चिनी उपचार आणि संशोधनाचा प्रश्न

आमच्या हॉस्टेलवर एम.एस्सी. करणारी एक ज्युनिअर आहे. परीक्षेच्या आठवड्यात तिची खालची दाढ ठणकायला लागली. थंड पाणी लागलं की कळ थेट कानापर्यंत, रात्रभर झोप नाही. डेंटिस्टकडे जायला वेळ नव्हता (आणि खरं सांगायचं तर पैसेही नव्हते). कुणीतरी पाठवलेल्या व्हिडिओत बघून ती अंगठा आणि तर्जनी यांच्यामधला मांसल भाग दुसऱ्या हाताने दाबून बसायची. चौथ्या दिवशी दुखणं बंद! मला म्हणाली, "ताई, हे चिनी लोकांचं खरंच लागू पडतं हं. तू पीएच.डी. करतेस ना, यावर पेपर असतील बघ."

मी बघितलं. पेपर आहेत, चांगल्या जर्नलमधले आहेत आणि त्यातले काही तिच्या बाजूचे वाटावेत असेही आहेत. पण वाचता वाचता लक्षात आलं, की ती जे म्हणत होती आणि पेपर जे म्हणतात ते एकच नाही. पेटची तयारी करणाऱ्या किंवा पहिल्यांदा सिनॉप्सिस लिहिणाऱ्या प्रत्येकाने हा फरक एकदा नीट समजून घ्यावा, म्हणून आजचा लेख.

आधी चिनी वैद्यक काय म्हणतं ते

ज्यावर टीका करायची ते आधी त्याच्याच शब्दांत समजून घ्यायचं, हा लिटरेचर रिव्ह्यूचा पहिला नियम.

चीनमध्ये दातदुखीची नोंद फार जुनी आहे. तीन हजार वर्षांपूर्वीच्या शांग काळातल्या अस्थिलेखांमध्ये किडलेल्या दातासाठी जे चिन्ह आहे, त्यात दात आणि त्याच्याजवळ किडा दिसतो. आपल्याला हे परकं वाटायला नको. आपणही 'दात किडला', 'दाढेला कीड लागली' असंच म्हणतो. दातात किडा असतो ही समजूत जगभर होती. फ्रान्समधल्या पिएर फोशार यांनी १७२८ साली आपल्या ग्रंथात ती नाकारली. भाषेत मात्र ती अजून आहे.

पुढे ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकात छुनयू यी नावाचे वैद्य होऊन गेले. सम्राटाच्या चौकशीला उत्तर देताना त्यांनी आपल्या २५ रुग्णांची हकिगत सांगितली, ती सिमा छियान यांच्या 'शिजी' या इतिहासग्रंथात आली आहे. त्यात किडलेल्या दाताचा एक रुग्ण आहे. वैद्यांनी त्याच्या डाव्या बाजूच्या वाहिनीवर मोक्साचा, म्हणजे वाळवलेल्या आर्टेमिसिया वनस्पतीचा, शेक दिला आणि कुशेन नावाच्या मुळीच्या काढ्याने रोज चुळा भरायला सांगितल्या. पाच-सहा दिवसांत आराम पडला. कारणं काय दिली? वारा, उघड्या तोंडाने झोपणं आणि जेवल्यावर चूळ न भरणं.

आजच्या भाषेत ही एक केस रिपोर्ट आहे: रुग्ण, निदान, उपचार, किती दिवसांत काय झालं आणि कारण. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. या २५ नोंदींमध्ये दगावलेल्या रुग्णांच्याही नोंदी आहेत.

नंतरच्या चिनी वैद्यकात दातदुखीचे साधारण तीन प्रकार मानले गेले. 'वारा आणि अग्नी' यांची दातदुखी अचानक येते आणि हिरडी सुजते. 'जठराग्नी'ची तीव्र असते, सोबत तोंडाला वास, तहान आणि बद्धकोष्ठ. 'मूत्रपिंडाच्या यिनची उणीव' असली की दुखणं मंद, जुनाट आणि दात हलणारे. प्रत्येकाला औषध वेगळं. जठराग्नीसाठी प्रसिद्ध असलेलं 'छिंग वेई सान' हे पाच वनस्पतींचं औषध ली दोंगयुआन (११८० ते १२५१) यांच्या नावावर आहे. सुया टोचायच्या तर हातावरचा 'हगू' हा बिंदू ठरलेला. माझी ज्युनिअर दाबत होती तो हाच. हातावर का? तर हाताची यांगमिंग वाहिनी खालच्या दातांपर्यंत आणि पायाची यांगमिंग वाहिनी वरच्या दातांपर्यंत जाते, असं तिथलं शास्त्र मानतं.

या वाहिन्या शवविच्छेदनात सापडत नाहीत. पण म्हणून सुई टोचल्यावर काहीच होत नाही, असं सिद्ध होत नाही. स्पष्टीकरण चुकीचं असूनही परिणाम खरा असू शकतो, आणि स्पष्टीकरण सुंदर असूनही परिणाम शून्य असू शकतो. म्हणून दोन्ही वेगवेगळे तपासायचे.

एका वाक्यात तीन दावे

'दातदुखीवर चिनी उपचार लागू पडतो' या वाक्यात निदान तीन वेगळे दावे आहेत:

१. उपचारानंतर दुखणं कमी झालं.
२. ते उपचारामुळेच, म्हणजे सुईमुळे किंवा त्या औषधामुळे, कमी झालं.
३. दात बरा झाला.

पहिला दावा रुग्णाला विचारून कळतो. दुसऱ्यासाठी तुलना लागते. तिसऱ्यासाठी दात तपासावा लागतो. आपली बहुतेक भांडणं या तिघांची सरमिसळ झाल्यामुळे होतात.

दात आपोआप का थांबतो?

तिसऱ्या दाव्यापासून सुरुवात करू, कारण यात दात जाण्याचा आणि कधीकधी जिवाचाही प्रश्न आहे.

दाताच्या आत पल्प असतो. त्यात रक्तवाहिन्या आणि नसा असतात, आणि त्याला चारही बाजूंनी कठीण भिंती. कीड खोल गेली की जंतूंमुळे पल्पला सूज येते. शरीरात इतरत्र सूज आली तर तो भाग फुगतो. इथे फुगायला जागाच नाही, म्हणून असह्य ठणका. सूज एका मर्यादेपलीकडे गेली की पल्प मरतो. पल्पसोबत त्याच्या नसाही मरतात आणि दुखणं थांबतं!

रुग्णाला वाटतं सुटलो. प्रत्यक्षात जंतू मुळाच्या टोकातून जबड्याच्या हाडाकडे निघालेले असतात. मग काही दिवसांनी, आठवड्यांनी किंवा महिन्यांनी पू होतो.

आता गंमत बघा. दुखणं अगदी शिगेला पोचलं की माणूस काहीतरी करतो: लवंग धरतो, बिंदू दाबतो, सुया टोचून घेतो, नवस बोलतो. शिगेनंतर दुखणं तसंही उतरणार असतं. श्रेय शेवटच्या उपायाला मिळतं. आकडेशास्त्रात याला रिग्रेशन टू द मीन म्हणतात, आणि रोगाच्या स्वतःच्या चालीला नॅचरल हिस्ट्री. दातदुखीत दोन्ही एकत्र येतात, म्हणून 'मला गुण आला' हा अनुभव खरा असूनही पुरावा म्हणून फार लंगडा ठरतो.

माझ्या ज्युनिअरचं हेच झालं. दोन आठवड्यांनी गाल सुजला, ताप आला, तोंड नीट उघडेना. आम्ही तिला दवाखान्यात नेलं. दाताच्या मुळाशी पू झाला होता.

म्हणून इथेच स्पष्ट लिहिते: दातदुखीसोबत चेहऱ्यावर किंवा जबड्याखाली सूज, ताप, गिळायला, श्वास घ्यायला किंवा तोंड उघडायला त्रास, यातलं काहीही असेल तर कुठलाही बिंदू दाबत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टरकडे जा. मेलेला पल्प सुईने जिवंत होत नाही. रूट कॅनल करा किंवा दात काढा, हेच दोन मार्ग.

मग पेपर काय म्हणतात?

आता पहिला आणि दुसरा दावा. १९९७ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने ॲक्युपंक्चरवर तज्ज्ञांची परिषद घेतली. ज्या मोजक्या ठिकाणी ॲक्युपंक्चरचे निष्कर्ष आशादायक आहेत असं परिषदेने म्हटलं, त्यात दाताचं दुखणं होतं. हे वाक्य अनेक ठिकाणी 'दातदुखीवर ॲक्युपंक्चर सिद्ध' म्हणून फिरतं. मूळ शब्द नीट वाचा: *शस्त्रक्रियेनंतरचं* दाताचं दुखणं.

हा फरक का महत्त्वाचा? वेदनेवरच्या संशोधनात अक्कलदाढ काढणं हे आवडतं मॉडेल आहे. रुग्ण तरुण आणि निरोगी असतात, शस्त्रक्रिया साधारण सारखीच असते, भूल उतरल्यावर दुखणं सुरू होणार हे आधीच ठाऊक असतं. घड्याळ लावून मोजता येतं. ॲक्युपंक्चरच्या नावाजलेल्या ट्रायल याच मॉडेलवर झाल्या. पण तिथे दुखणारा दात आधीच काढलेला असतो! उरते ती जखम. किडलेल्या दाढेच्या पल्पचं दुखणं हा वेगळाच प्रकार आहे.

उदाहरण म्हणून लाओ आणि सहकाऱ्यांची १९९९ सालची ट्रायल घेऊ. ३९ जण, अक्कलदाढ काढलेले. रँडम पद्धतीने दोन गट. एका गटाला खऱ्या सुया. दुसऱ्या गटात सुईची रिकामी नळी बिंदूच्या शेजारी टेकवून टिचकी मारली आणि न टोचता सुई चिकटपट्टीने लावून ठेवली, म्हणजे रुग्णाला टोचल्यासारखं वाटावं. निकाल? खऱ्या सुयांच्या गटात दुखणं सुरू व्हायला सरासरी सुमारे १७३ मिनिटं लागली, खोट्या गटात सुमारे ९४. वेदनाशामक मागेपर्यंतचा वेळ सुमारे २४२ विरुद्ध १६६ मिनिटं. दोन्ही फरक सांख्यिकीदृष्ट्या लक्षणीय.

इथे थांबणारा विद्यार्थी लिहितो, 'परिणाम सिद्ध'. तुम्ही पुढचा पेपर वाचा.

२००५ साली बाउसेल आणि सहकाऱ्यांनी (त्यात लाओही होते) दंतशस्त्रक्रियेनंतरच्या वेदनेवरच्या दोन ट्रायलची माहिती वेगळ्या पद्धतीने तपासली. रुग्णांना विचारलेलं होतं, 'तुम्हाला खरा उपचार मिळाला की खोटा, काय वाटतं?' खरी सुई आणि खोटी सुई या गटांत लक्षणीय फरक निघाला नाही. पण 'मला खरी सुई मिळाली' असं *वाटणाऱ्यांनी* 'मला खोटी मिळाली' असं वाटणाऱ्यांपेक्षा लक्षणीय कमी दुखणं सांगितलं.

म्हणजे सगळा अपेक्षेचा खेळ? थोडं थांबा. हाही निष्कर्ष घाईचा आहे. उलट दिशेनेही विचार करा: ज्याचं दुखणं मुळातच कमी होतं तो म्हणेल, 'दुखत नाही, म्हणजे मला खरी सुई मिळाली असणार.' तेव्हा विश्वासामुळे दुखणं कमी झालं, की दुखणं कमी म्हणून विश्वास बसला? गटांची वाटणी रँडम होती, विश्वासाची नाही. म्हणून इथे कार्यकारणभाव लावताना जपून. हा प्रश्न रुग्णाला दुखणं सुरू व्हायच्या आधी विचारला की नंतर, यावर बरंच अवलंबून आहे. मौखिक परीक्षेत असा प्रश्न हमखास येतो.

एंडॉर्फिनचा सापळा

'पण ॲक्युपंक्चरने एंडॉर्फिन निघतात हे तर सिद्ध झालंय ना?' हा युक्तिवाद मी चांगल्या चांगल्या सेमिनारमध्ये ऐकलाय.

१९७७ साली मेयर, प्राइस आणि रफी यांनी निरोगी माणसांच्या दाताच्या पल्पला विजेने वेदना देऊन प्रयोग केला. हगू बिंदूवर सुई लावल्यावर वेदना कमी झाली. मग नॅलोक्सोन हे औषध दिलं. हे औषध अफूसारख्या द्रव्यांचा परिणाम रोखतं. दिल्यावर सुईचा फायदा नाहीसा झाला. अर्थ असा, की शरीरातली अफूसारखी द्रव्यं यात सामील आहेत. झाली ना यंत्रणा सिद्ध!

पुढच्याच वर्षी, १९७८ मध्ये, लेव्हिन, गॉर्डन आणि फील्ड्स यांनी दात काढलेल्या रुग्णांवर प्रयोग केला. ज्यांना नुसत्या प्लासिबोने बरं वाटत होतं, त्यांना नॅलोक्सोन दिल्यावर दुखणं वाढलं. म्हणजे प्लासिबोही त्याच द्रव्यांमार्फत काम करत असावा.

हे दोन्ही पेपर शेजारी ठेवून वाचा. (दोन्हींवर पुढे टीकाही झाली, ती पण शोधा.) 'एंडॉर्फिन निघाले' एवढ्याने सुई आणि प्लासिबो यांच्यात फरकच करता येत नाही. यंत्रणा सापडणं म्हणजे खास परिणाम सिद्ध होणं नव्हे.

फक्त यशच छापलं तर?

१९९८ साली व्हिकर्स आणि सहकाऱ्यांनी एक साधा प्रश्न विचारला: काही देशांतून फक्त चांगलेच निकाल येतात का? ॲक्युपंक्चर सोडून इतर उपचारांच्या ट्रायलही त्यांनी तपासल्या. इंग्लंडमधून प्रसिद्ध झालेल्या ट्रायलपैकी ७५ टक्क्यांमध्ये नवा उपचार सरस ठरला होता. चीनमधल्या ९९ टक्क्यांमध्ये.

शंभरातले नव्व्याण्णव उपचार यशस्वी होत नसतात. न जमलेले निकाल कपाटात राहिले असणार. आता छुनयू यी आठवा. दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या वैद्याने दगावलेले रुग्णही सांगितले होते. तेव्हा हा दोष परंपरेच्या माथी मारू नका. तो आधुनिक प्रकाशन व्यवस्थेतला आहे आणि आपल्याकडेही आहेच. 'निगेटिव्ह रिझल्ट आलाय, आता पेपर कसा होणार' हे वाक्य कुठल्या लॅबमध्ये ऐकलं नाही?

काढे आणि मुळ्या: इथे प्रश्न वेगळा

सुई आणि वनौषधी एकाच टोपलीत टाकू नका. वनस्पतीत रसायन असतं, ते वेगळं काढून तपासता येतं.

लवंग चिनी वैद्यकातही आहे आणि आपल्या आजीच्या डब्यातही. तिच्यातलं युजेनॉल नसा बधिर करतं, आणि झिंक ऑक्साइडसोबत डेंटिस्टही ते वापरतात. चीनमध्ये दातदुखीवर 'हुआजियाओ' वापरतात. बांगड्याच्या आमटीतलं तिरफळ त्याचं सख्खं भावंड. तिरफळ चावल्यावर जिभेला ज्या मुंग्या येतात, तसाच परिणाम हुआजियाओमधलं सॅनशूल नसांच्या टोकांवर करतं. म्हणजे पहिल्या दाव्याला इथे रासायनिक आधार आहे. तिसऱ्याला अर्थात नाही.

'नैसर्गिक म्हणजे निर्धोक' हेही खरं नाही. दातदुखीसाठी वापरली जाणारी 'शीशिन' ही मुळी ॲरिस्टोलोकिएसी कुळातली. या कुळातल्या ॲरिस्टोलोकिक आम्लांमुळे मूत्रपिंडं निकामी होतात आणि मूत्रमार्गाचा कर्करोग होतो. बेल्जियममध्ये १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला वजन कमी करण्याच्या गोळ्यांत याच कुळातली दुसरी वनस्पती आल्यामुळे अनेक स्त्रियांची मूत्रपिंडं गेली, तेव्हा हे जगासमोर आलं. शीशिनच्या पानांत ही आम्लं जास्त आणि मुळांत कमी असतात, म्हणून चीनच्या २००५ च्या औषधकोशात संपूर्ण झाडाऐवजी फक्त मुळं आणि मूलकंदच ठेवले. परंपरेला स्वतःला दुरुस्त करता येतं, फक्त कुणीतरी मोजायला हवं.

सिनॉप्सिस लिहिताना

या विषयावर, किंवा अशा कुठल्याही पारंपरिक उपचारावर काम करणार असाल, तर गाइडकडे जाण्याआधी एवढी उत्तरं कागदावर लिहा:

१. नेमकं कोणतं दुखणं? पल्पची सूज, हिरडीचा गळू, दात काढल्यानंतरची जखम, की जबड्याचा स्नायू? 'दातदुखी' हे लक्षण आहे, निदान नव्हे.

२. कशाशी तुलना? काहीच न करण्याशी, खोट्या सुईशी, की आयबुप्रोफेनशी? प्रत्येक तुलनेचा प्रश्न वेगळा.

३. काय मोजणार आणि कधी? दुखण्याचा आकडा, गोळी मागेपर्यंतची मिनिटं, की सहा महिन्यांनी दात शाबूत आहे का? मुख्य मोजमाप एकच ठरवा, तेही आधी.

४. रुग्णाला काय वाटलं, हे केव्हा विचारणार? वर बघितलंच.

५. नैतिकतेचं काय? पल्प सडत असलेल्या माणसाला नुसती खोटी सुई देऊन बसवता येणार नाही. एथिक्स कमिटी मान्य करणार नाही, करूही नये. म्हणून दोन्ही गटांना दाताचा योग्य उपचार आणि एका गटाला त्यात ॲक्युपंक्चरची भर, अशी रचना करावी लागते. उदाहरणार्थ, भुलीच्या इंजेक्शनसोबत सुई लावली तर भूल अधिक चांगली लागते का? हा लहान प्रश्न आहे, पण उत्तर मिळण्याजोगा आहे.

६. नोंदणी. भारतात क्लिनिकल ट्रायलची सीटीआरआयवर आधी नोंदणी करावी लागते. नको तो निकाल कपाटात जाऊ नये, हा त्यातला एक हेतू.

कुणी म्हणेल, महाराष्ट्रात ॲक्युपंक्चरसाठी २०१५ चा कायदा आहे, मग शंका कशाला? कायदा ठरवतो उपचार कुणी करायचा. तो कशावर चालतो हे कायद्याने ठरत नाही, ट्रायलने ठरतं.

माझं आजचं मत विचाराल तर असं: दात काढल्यानंतरच्या दुखण्यात सुईमुळे थोडा आराम मिळत असावा, त्यातला किती सुईचा आणि किती अपेक्षेचा हे अजून स्पष्ट नाही, आणि किडलेला दात सुईने बरा होतो याला आधार नाही. ही तीन वाक्यं मी वेगवेगळी ठेवते, कारण तिघांचा पुरावा वेगवेगळा आहे.

ज्युनिअरची दाढ वाचली नाही. काढावी लागली. काढल्यावर भूल उतरायला लागली तेव्हा तिने पुन्हा सवयीने हातावरचा तो बिंदू दाबला आणि माझ्याकडे बघून हसली, "ताई, आता तरी चालेल ना? आता तर पेपर आहे." मी म्हटलं, "दाब. पण गोळी पण घे."